बर्लिनमध्ये सहा आठवडे: तिथल्या स्पीड स्केटिंगच्या सरावाला पाहुणा म्हणून जाता येतं का?

पहाटफेरी

नमस्कार मंडळी. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत कामानिमित्त बर्लिनला मुक्काम आहे, सोबत बारा वर्षांची मुलगी. दोघांचाही इनलाइन स्पीडचा, म्हणजे एका रेषेत चाकं असलेल्या स्केट्सवर वेगाने जाण्याचा, सराव पुण्यात नियमित चालतो आणि सहा आठवड्यांचा खंड नको आहे. माझे स्केट्स ४ × ११० मिमी (प्रत्येकी चार चाकं, व्यास ११० मिमी), बुटाला १९५ मिमीचं माउंट, म्हणजे फ्रेम (चाकांची पट्टी) जोडणाऱ्या दोन बोल्टमधलं अंतर. मुलीचे ४ × ९०. आमचा सराव बहुतेक सपाट सिमेंटच्या रिंकवर, रविवारी पहाटे रस्त्यावर. रस्त्यावर एकट्याने सलग २० किमी ताशी २६ च्या आसपास जातं. चार-पाच जणांपेक्षा मोठ्या पॅकमध्ये, म्हणजे एकामागोमाग रांगेत जाणाऱ्या गटात, जाण्याची सवय नाही.

विचारायचं आहे ते असं: क्लबचं सदस्यत्व न घेता चार-सहा सरावांना जाता येतं का, आणि आधी कोणाला काय लिहायचं? विमानात काय कुठे ठेवायचं? तिकडच्या रस्त्यांना आणि हवेला कोणती चाकं लागतात? आणि परक्या गटात पहिल्या दिवशी काय सांभाळायचं? जर्मन भाषा मोडकी-तोडकीच येते.

तिरका_ट्रॅक

जाता येतं, आणि बहुतेक क्लब आनंदाने घेतात. जर्मनीत खेळाचे क्लब म्हणजे सभासदांनी चालवलेल्या नोंदणीकृत संस्था; नावाच्या शेवटी ‘ए. फाउ.’ अशी दोन अक्षरं असतात. तिथला प्रशिक्षक बऱ्याचदा दिवसा नोकरी करून संध्याकाळी सराव घेणारा माणूस असतो. म्हणून अचानक जाऊन उभं राहू नका. निदान दोन-तीन आठवडे आधी ईमेल करा.

क्लब शोधताना देशपातळीवरच्या ‘दे-एर-इ-फाउ’ या रोलर आणि इनलाइन संघटनेपासून सुरुवात करा. तिच्याखाली प्रत्येक राज्याची संघटना असते, बर्लिन हे स्वतःच एक राज्य आहे. शोधताना एक काळजी घ्या. इनलाइनच्या नावाखाली हॉकी, फ्रीस्टाइल, फिटनेस आणि शहरातून रात्री निघणाऱ्या फेऱ्या असं सगळंच येतं. तुम्हाला ‘स्पीडस्केटिंग’ हा विभाग हवा. क्लबच्या पानावर ‘ट्रेनिंग्सत्साइटन’ म्हणजे सरावाच्या वेळा दिलेल्या असतात, आणि ‘प्रोबेट्रेनिंग’ किंवा ‘श्नुपरट्रेनिंग’ असं दिसलं की नवख्यांना एक-दोन वेळा फुकट येऊन पाहता येतं. चार-सहा वेळा यायचं असेल तर ते सरळ लिहा. काही क्लब पाहुण्यांकडून प्रत्येक सरावाचे थोडे पैसे घेतात, काही अल्पकाळाचं सदस्यत्व देतात. ते कसं करायचं हे त्यांनाच ठरवू द्या.

पत्र इंग्रजीत चालतं. पहिली ओळ जर्मनमध्ये असली तर बरं. मजकूर आठ-दहा ओळींपेक्षा मोठा नको, पण त्यात आकडे हवेत. ‘इंटरमीडिएट आहे’ या शब्दांवरून त्यांना काहीच कळत नाही. कोणत्या तारखांना तिथे आहात, चाकांचा व्यास किती, हेल्मेट आहे का, सलग किती किमी कोणत्या वेगाने जाता, पॅकची सवय किती, मुलीचं वय किती आणि ती क्रॉसओव्हर (वळणात एक पाय दुसऱ्यावरून टाकणं) दोन्ही बाजूंनी करते का, हे लिहा.

जर्मन गटांना पातळी मॅरेथॉनच्या वेळेवरून समजते. ४२.१९५ किमीचं अंतर दोन तासांत म्हणजे ताशी २१, पावणेदोन तासांत ताशी २४, दीड तासात ताशी २८, एक तास दहा मिनिटांत ताशी ३६. तुमचा २० किमीचा आकडा बघता ‘एकट्याने ताशी २६, पॅकमध्ये नवखा’ असं लिहा. पॅकच्या आत वाऱ्याचा आडोसा मिळतो, त्यामुळे तिथे हाच माणूस ताशी २८-२९ टिकवू शकतो. पण पहिल्या दिवशी ताशी २५-२६ चा गट मागा. वर सरकवणं प्रशिक्षकाला सोपं असतं. झेपत नसलेल्या गटात माणूस शेवटच्या किलोमीटरला दमून वाकडातिकडा होतो आणि मागच्यांना घेऊन पडतो.

रिंकचे लॅप-टाइम मात्र पाठवू नका. आपल्या रिंकची लांबी ठिकाणागणिक वेगळी असते, शिवाय सपाट रिंकच्या वळणावर वेग कमी करावा लागतो. तिकडे लॅप म्हटलं की २०० मीटर धरतात. त्या हिशोबात २४ सेकंदांचा लॅप म्हणजे ताशी ३०, २० सेकंदांचा म्हणजे ताशी ३६.

आणखी एक. शाळांच्या उन्हाळी सुट्टीत मुलांचे गट बंद असतात. बर्लिनची ही सुट्टी साधारण जुलैपासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत, कधी सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालते. तारखा दरवर्षी बदलतात. मोठ्यांचा गट सुट्टीतही बाहेर भेटत राहतो. मुलीसाठी लिहिताना सुट्टीनंतरचा पहिला सराव कधी, हे वेगळं विचारा. अल्पवयीन मुलांसाठी पालकाची सही लागते, आणि तुम्ही दुसऱ्या गटात असाल तेव्हा तिची जबाबदारी कोणाची हेही आधी स्पष्ट करून घ्या.

बेअरिंग_६०८

सामानाबद्दल.

बूट केबिन बॅगेत. चाकं, फ्रेम, हत्यारं चेक-इनमध्ये. पायाच्या मापाने साच्यात घडवलेला कार्बन बूट हरवला तर सहा आठवड्यांत दुसरा मिळत नाही, मिळाला तरी पायाला बसत नाही. बाकी सगळं तिकडे विकत मिळतं. फ्रेम काढण्याआधी बोल्ट फ्रेमच्या खाचेत नेमका कुठे आहे त्याची पर्मनंट मार्करने दोन्ही बाजूंना रेघ ओढा आणि मोबाइलवर वरून, मागून असे फोटो घ्या. फ्रेम दोन-तीन मिमी जरी आत-बाहेर बसली तरी घोटा एका बाजूला कलतो आणि माणूस नव्या रस्त्याला दोष देत बसतो.

ॲलन की आपल्या विमानतळांवर केबिनमधून काढून घेतात, त्या चेक-इनमध्येच टाका. बहुतेक स्पीड फ्रेमच्या ॲक्सलला ४ मिमीची लागते, माउंटच्या बोल्टला ४ किंवा ५ मिमीची. काही फ्रेमना टॉर्क्सचं डोकं असतं. आपल्या फ्रेमला कोणती लागते ते घरीच बघून घ्या. सुटे सामान: दोन ॲक्सल, माउंटचे दोन बोल्ट वॉशरसकट, चार बेअरिंग, दोन स्पेसर. माउंटचा बोल्ट बाजारातल्या कुठल्याही बोल्टने बदलू नका. लांबी दोन मिमी जास्त झाली तर तो बुटाच्या तळात टेकतो, फ्रेम आवळल्यासारखी वाटते पण ढिलीच राहते.

बेअरिंग धुवायचं आयसोप्रोपिल किंवा कुठलाही ज्वलनशील स्प्रे विमानात चालत नाही. तिकडे ‘बाउमार्क्ट’ म्हणजे घरदुरुस्तीच्या मोठ्या दुकानात आयसोप्रोपेनॉल मिळतं. तेलाची छोटी बाटलीही तिथेच घ्या.

पोचल्यावर बोल्ट आवळले की विषय संपला असं नाही. पहिल्या पंधरा मिनिटांच्या वॉर्मअपनंतर थांबून पुन्हा एकदा तपासा. बसलेली वॉशर अर्धा आटा ढील देते.

चाकांचा मामला जरा मोठा आहे. आपल्याकडच्या उन्हात आणि खरखरीत डांबरावर लोक कडक चाकं वापरतात, कारण मऊ चाक तापून दबतं आणि भराभर झिजतं. बर्लिनमध्ये ऑगस्टची दुपार उबदार असते, पण सप्टेंबरच्या अखेरीस सकाळ-संध्याकाळ पारा १० अंशांच्या आसपास येतो. युरेथेन थंड झालं की आणखी कडक होतं. पुण्यात छान पकडणारं ८८ए चं (आकडा मोठा तितकं चाक कडक) चाक १० अंशांवर, गुळगुळीत डांबरावर पुश (पायाने बाजूला दिलेला रेटा) संपता संपता सरकायला लागतं. नेहमीच्या संचासोबत एक पायरी मऊ, म्हणजे ८५ए च्या आसपासचा संच ठेवा. ११० मिमीच्या आठ चाकांचं वजन साधारण एक किलो भरतं, तेवढी जागा बॅगेत काढण्यासारखी आहे.

पावसाची चाकं वेगळी असतात, फार मऊ. सहा आठवड्यांसाठी ती विकत घेऊ नका. ओल्या दिवशी सराव असेल तर मऊ संच लावा, पुश लांब न मारता छोटा आणि शरीराखाली ठेवा, आणि रस्त्यावरचे पांढरे पट्टे, गटाराची झाकणं, पडलेली पानं यांच्यावर पुश मारू नका. नुसतं वाहत जा. सप्टेंबरमध्ये पानगळ सुरू होते आणि ओलं पान पट्ट्यापेक्षा वाईट. घरी आल्यावर त्याच रात्री बेअरिंग काढून पुसून तेलाचा एक थेंब. सकाळपर्यंत ठेवलीत तर गंज धरतो.

पहाटफेरी

फार उपयोगी, दोघांचेही आभार. दोन उपप्रश्न. इथे काही जण म्हणतात की तिकडे आता सगळे ३ × १२५ वर असतात, ११० वर गेलो तर मागे पडेन. खरं का? आणि पॅकमधल्या वागण्याबद्दल कोणी नीट सांगेल का, मला खरी भीती त्याची आहे.

बेअरिंग_६०८

१२५ मॅरेथॉनमध्ये चालतात. वर्ल्ड स्केट या जागतिक संघटनेच्या नियमात ट्रॅकला आणि रस्त्यावरच्या छोट्या शर्यतींना ११० ची कमाल मर्यादा आहे, म्हणून स्पर्धा करणाऱ्यांकडे ११० असतातच. क्लबच्या सरावात दोन्ही दिसतील. १२५ ला वेग धरायला वेळ लागतो पण धरल्यावर लांब सपाट रस्त्यावर तो टिकतो. ११० झटक्यात वेग घेतं आणि वळणात हाताळायला सोपं. ताशी २६-२८ च्या गटात चाकाच्या व्यासामुळे कोणी मागे पडत नाही, वाकून न बसल्यामुळे पडतं. जायच्या तोंडावर नवीन फ्रेम घेऊ नका. मुलीच्या गटात वयानुसार व्यासावर मर्यादा असते, ९० ला सहसा अडचण येत नाही, तरी पत्रात लिहा.

रांगेत_तिसरी

पॅकबद्दल मी लिहिते. हा भाग आपल्याकडे कमी शिकवला जातो, कारण छोट्या रिंकवर लांब रांग लावायला जागाच नसते.

रांगेत पुढच्याच्या चाकांकडे बघायचं नाही. नजर त्याच्या खांद्यावरून पुढे, दोन-तीन माणसं सोडून. चाकांकडे बघितलं की पुढे झालेला बदल तुम्हाला सगळ्यात शेवटी कळतो. अंतर अर्धा ते एक मीटर. त्याहून जवळ गेलात तर एक हात पुढच्याच्या कमरेवर, पाठीच्या खालच्या भागावर, अगदी हलका टेकवतात. तो हात आधारासाठी नसतो, ढकलण्यासाठीही नसतो. पुढचा मंदावला तर तुमचं कोपर आपोआप दुमडतं आणि धडक टळते, एवढंच त्याचं काम. अनोळखी गटात आधी बघा तिथे हात लावण्याची पद्धत आहे का. बायकांच्या आणि मुलांच्या बाबतीत विचारूनच.

पाय जुळवा. पुढच्याचा उजवा पुश सुरू असताना तुमचाही उजवाच. उलटे पाय पडले की तुमचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या रेषेत येतं आणि ॲक्सल एकमेकांत अडकतात. मोठ्या पॅकमधल्या पडझडीचं हे फार मोठं कारण आहे. पाय चुकले तर घाईत बदलू नका. एक पुश गाळा, वाहत राहा, पुढच्या पुशला पकडा. तुमची लय पुढच्यापेक्षा जलद असेल तर पुश लांब करा. संख्या वाढवू नका.

पुढे जायची पाळी आली की नव्या माणसाकडून हमखास एकच गोष्ट होते: तो वेग वाढवतो. समोर मोकळा रस्ता दिसतो, आपण कमी नाही हे दाखवावंसं वाटतं, आणि मागची रांग तुटते. पाळी आल्यावर वेग होता तोच ठेवायचा. वाऱ्यात तोच वेग टिकवायला ताकद बरीच जास्त लागते, म्हणून आपली पाळी छोटी ठेवा. वीस-तीस सेकंद पुरे. मग नजर मागे टाकून, ठरलेल्या बाजूला एका पुशमध्ये बाहेर या, पुश थांबवा, रांग शेजारून पुढे जाऊ द्या. शेवटचा माणूस खांद्याशी आला की तो निघून जाण्याआधीच वेग घ्यायला लागा. तो गेल्यावर वेग घेतलात तर मध्ये पाच मीटरचं अंतर पडतं आणि ते भरून काढण्यात विश्रांती वाया जाते. कोणत्या बाजूला बाहेर पडायचं हे वाऱ्यावर आणि गटाच्या सवयीवर असतं, सुरुवातीलाच विचारा. पाळी घ्यायची ताकद नसेल तर रांगेच्या शेवटी राहा आणि उतरून येणाऱ्याला आपल्या पुढे जागा द्या. यात कमीपणा काही नाही. मधेच राहून पाळी टाळण्यापेक्षा हे सगळ्यांना आवडतं.

ब्रेक. स्पीड स्केट्सना मागे ब्रेक नसतो आणि रांगेत टी-स्टॉप (एक पाय मागे आडवा घासून थांबणं) मारला तर मागचा तुमच्या आडव्या फ्रेमवर येऊन आदळतो. वेग कमी करायचा असेल तर सरळ उभे राहा, छातीवर वारा घ्या. ताशी पंचवीसच्या पुढे तेवढ्यानेही चांगला फरक पडतो. अजून हवा असेल तर रांगेतून बाजूला या, ओरडून सांगा, मग पाय फाकवून नांगर धरा.

इशारे ओरडून देतात आणि ऐकणाऱ्याने ते मागे पोचवायचे असतात. ‘लिंक्स’ डावीकडे, ‘रेख्ट्स’ उजवीकडे, ‘आख्टुंग’ सावध, ‘लोख’ खड्डा, ‘पोलर’ म्हणजे वाटेच्या मधोमध रोवलेला खांब. या शेवटच्या शब्दाला फार जपा. सायकलवाटेवर गाड्या येऊ नयेत म्हणून असे खांब असतात आणि रांगेतल्या चौथ्या-पाचव्या माणसाला तो समोर येईपर्यंत दिसत नाही. ‘आउटो’ म्हणजे गाडी, त्यापुढे ‘फॉन फोर्न’ समोरून, ‘फॉन हिंटन’ मागून. हाताने खड्डा दाखवायची पद्धतही आहे. शब्द आठवला नाही तर मराठीत ओरडा, पण गप्प राहू नका.

प्रशिक्षकाने रिलेचा सराव लावला तर पहिल्या दिवशी बाजूला उभे राहून बघा. मागून येणारा कमरेला धरून पूर्ण ताकदीने पुढे ढकलतो, आणि त्यासाठी दोघांना एकमेकांच्या वेगाचा अंदाज लागतो. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये ३००० मीटर रिलेत भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी कांस्य मिळवलं, पुरुषांच्या चौघांत विक्रम इंगळे आणि सिद्धांत कांबळे होते. ती शर्यत बघितलीत तर ढकलण्याच्या त्या एका क्षणात किती वेग मिळू शकतो आणि किती जाऊ शकतो ते कळेल. मुलीलाही जरूर दाखवा.

उत्तरवारा

जागांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

जर्मन वाहतूक नियमांत इनलाइन स्केटर हा पादचारी धरला जातो. म्हणजे फुटपाथ. सायकलवाटेवर तशी परवानगीची पाटी असेल तरच जायचं, वाहनांच्या रस्त्यावर गटाने रांग लावून जाणं चालत नाही. पुण्यात पहाटे रिकाम्या रस्त्यावर जसा सराव होतो तसा तिथे करू नका. त्यामुळे स्पीडचे गट ठरावीक जागीच भेटतात.

सगळ्यात सोयीची म्हणजे टेंपलहोफर फेल्ड. जुना विमानतळ २००८ मध्ये बंद झाला आणि २०१० पासून मैदान म्हणून लोकांना खुलं झालं. दोन समांतर धावपट्ट्या, प्रत्येकी साधारण दोन किमी, आणि भोवतीने सुमारे सहा किमीची फेरी. प्रवेश फुकट. फाटकं सूर्यास्ताच्या सुमारास बंद होतात, वेळ महिन्यागणिक बदलते. सप्टेंबरअखेर संध्याकाळचा सराव त्यामुळे लवकर आटपतो. उ-६ या मेट्रोने टेंपलहोफ किंवा पाराडेश्ट्रासे, पूर्वेकडून यायचं तर उ-८ ने बोडिनश्ट्रासे किंवा लाइनेश्ट्रासे. तिथला खरा प्रतिस्पर्धी वारा. अडवायला झाड नाही, इमारत नाही, आणि तो बहुतेक पश्चिमेकडून येतो. पूर्वेकडे जाताना ताशी ३२ दिसतं आणि परतताना २२, म्हणून सरासरी बघून खट्टू होऊ नका. पॅक शिकायला याहून चांगली जागा नाही, वाऱ्याविरुद्धच्या पट्टीवर दोन फेऱ्यांत कळतं की आडोसा नेमका कुठे असतो. वारा तिरका असेल तर आडोसा पुढच्याच्या मागे नसतो, तिरका बाजूला सरकतो. शनिवार-रविवार दुपारी पतंग, मुलं, कुत्री, सायकली, जमिनीवर पतंगाच्या जोरावर पळणारे फळीवाले अशी गर्दी असते. वेगाचा सराव आठवड्याच्या दिवशी संध्याकाळी किंवा रविवारी सकाळी लवकर.

पश्चिमेला ग्रुनेवाल्ड जंगलातला क्रोनप्रिन्सेसिनेनवेग हा दुसरा रस्ता. डांबर चांगलं, झाडांमुळे वारा कमी, पण सायकलवाले खूप आणि ते जोरात असतात. उजवीकडून राहा आणि तिथे दोघांच्या वर रांग नको.

सुट्टीच्या दिवशी लांब अंतर करायचं असेल तर दक्षिणेला फ्लेमिंग-स्केट. खास स्केटिंगसाठी बांधलेल्या डांबरी वाटांचं जाळं, एकूण सुमारे २३० किमी, वाटा दोन-तीन मीटर रुंद आणि क्रमांक दिलेल्या फेऱ्यांमध्ये विभागलेल्या. बर्लिनहून रिजनल ट्रेनने लुकेनवाल्डे किंवा युटरबोग गाठायचं आणि तिथून निघायचं. शेतांमधून जाणाऱ्या वाटांवर ट्रॅक्टर आडवे जातात तिथे माती, खडी पडलेली असते. ओलांडताना पुश बंद, एक पाय पुढे एक मागे, वजन मागच्या पायावर. गावात उतार आहेत. मुलीला नेणार असाल तर छोटी फेरी निवडा आणि पाणी सोबत ठेवा, मधली गावं रविवारी बंद असतात.

तिरका_ट्रॅक

उत्तरवारांच्या यादीत एक भर. तिरक्या वळणांचा ट्रॅक अनुभवायचा असेल तर देशाच्या दुसऱ्या टोकाला, नैऋत्येला गाइझिंगनमध्ये २०० मीटरचा बंदिस्त ट्रॅक आहे. बर्लिनहून तो जवळपास दिवसभराचा प्रवास, पण सुट्टी जोडून जमलं तर जरूर जा. तिथल्या लेपित पृष्ठभागाची पकड सिमेंटपेक्षा खूप जास्त असते. सपाट रिंकवरून आलेला माणूस दोन गोष्टी करतो: वळण येण्याआधीच कलतो, आणि घाबरून वळणातच पुश थांबवतो. तिरकी भिंत तुम्हाला उचलून धरते ती वेगामुळे. वेग कमी करून वर राहिलात तर खाली घसराल. आधी आतल्या, कमी तिरक्या पट्ट्यातून दहा-पंधरा लॅप, मग वेग वाढेल तसं सरळ पट्टीवर थोडं बाहेर जाऊन वळणाच्या मध्याला आत या आणि बाहेर निघा. दिशा नेहमी घड्याळाच्या उलट. ट्रॅकवर यायचं आणि बाहेर पडायचं कुठून, हे आधी विचारून घ्या. आणि भिंतीवर कधीही थांबू नका.

मुलीबद्दल सांगायचं राहिलं. जर्मनीत लहान वयोगटांच्या स्पर्धांमध्ये वेगाबरोबर कौशल्याची फेरीही असते: शंकूंमधून वळणं, उलटं स्केटिंग, एका पायावर जाणं, अडथळ्यावरून उडी. त्यामुळे मुलांच्या सरावाचा बराच वेळ यातच जातो. तिने जायच्या आधी उलटं स्केटिंग आणि उजव्या बाजूचे क्रॉसओव्हर घोटून ठेवले तर पहिल्या दिवशी बावरणार नाही. आपल्याकडची मुलं डावीकडे वळण्यात तरबेज असतात, उजवीकडे पाय अडखळतात.

रांगेत_तिसरी

विम्याचं सांगते, कारण हे घरूनच करायचं काम आहे. शेंगेन व्हिसासाठी निदान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतं, ते तुमच्याकडे असेलच. पण पॉलिसीतला वगळलेल्या गोष्टींचा भाग उघडून वाचा. साहसी खेळ, व्यावसायिक खेळ, शर्यती असे शब्द तिथे असतात. हौशी सराव आणि स्पर्धा यांत कंपनी काय फरक करते ते ईमेलने विचारा आणि लेखी उत्तर फोनमध्ये ठेवा. दुसरं म्हणजे तुमच्यामुळे दुसरा पडून जखमी झाला तर? जर्मनीत दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देणारा खासगी विमा बहुतेक घरांमध्ये असतो आणि पाहुण्याकडेही तो असेल असं धरतात. प्रवास विम्यात ‘पर्सनल लायबिलिटी’ हे कलम आहे का आणि ते खेळाच्या वेळी लागू होतं का, बघा. क्लबचा विमा सभासदांसाठी असतो. पाहुण्याला तो लागू होतो का, ते पत्रातच विचारा. सराव सुरू होण्याआधी कदाचित जबाबदारीच्या कागदावर सही मागतील. कळत नसेल तर वाचून दाखवायला सांगा.

सप्टेंबरच्या शेवटी बर्लिन मॅरेथॉन असते आणि तिच्या आदल्या दिवशी, शनिवारी, त्याच मार्गावर इनलाइनची शर्यत. त्या आठवड्यात गटांचा सराव हलका होतो, बाहेरगावचे लोकही येतात. शर्यतीत उतरायचा विचार असेल तर नोंदणी आत्ताच बघा आणि अपेक्षित वेळ खरी लिहा, सुरुवातीचे गट त्यावरून लावतात. हेल्मेट सक्तीचं. मार्ग सपाट आहे, पण शहरातून जाताना ट्रामचे रूळ ओलांडावे लागतात. ते तिरके ओलांडू नका, शक्य तितके काटकोनात घ्या, नाहीतर चाक खाचेत बसतं.

पहाटफेरी

नोंदणीचं बघतो. क्लबला आजच लिहितोय. हातात काय घालता? इथे पातळ हातमोजे वापरतो. आणि तिथे भारतातून आलोय म्हटल्यावर आम्हाला अगदीच नवशिक्यांत टाकतील का?

उत्तरवारा

तळहाताला जाड चामडं किंवा प्लास्टिकची चकती असलेले हातमोजे. डांबरावर पडताना पहिला टेकतो तो तळवा. १० अंशांना बोटंही गारठतात, ॲक्सल आवळायला बोटं हलली पाहिजेत. वर पातळ वाराविरोधी जाकीट, वॉर्मअपनंतर काढून कमरेला न बांधता बाजूला ठेवा, रांगेत ते फडफडून मागच्याच्या तोंडावर येतं.

दुसऱ्या प्रश्नाचं: २०२५ मध्ये चीनमधल्या बेइदाइहेच्या जागतिक स्पर्धेत आनंदकुमार वेलकुमारने १००० मीटर स्प्रिंटचं सुवर्ण जिंकलं. स्पीडमधल्या माणसाला हे माहीत असतं. तरीही गट ठरतो तो वॉर्मअपच्या फेऱ्यांत. तिथे प्रशिक्षक गुडघा किती वाकतो, पुश बाजूला जातो की मागे, आणि दुसरा शेजारून गेला तर तुम्ही रेषा सोडता का, एवढंच बघतो. सरावाच्या वीस मिनिटं आधी पोचा, चाकं लावून तयार राहा. जर्मनीत सहाचा सराव म्हणजे सहाला पहिली फेरी सुरू झालेली असते.

बेअरिंग_६०८

चाकं फिरवायचंही लक्षात ठेवा. टेंपलहोफच्या लांब सरळ पट्ट्यांवर आतली कड रिंकपेक्षा वेगळी झिजते. आठवड्यातून एकदा पहिलं चाक तिसऱ्याच्या जागी, दुसरं चौथ्याच्या, आणि उजव्या पायाचं डाव्या पायाला, झिजलेली कड बाहेर येईल असं. ॲक्सल आवळल्यावर प्रत्येक चाक बोटाने फिरवून बघा. अडखळलं तर पाव आटा सैल करा, बेअरिंग दाबलं गेलेलं असतं.